स्टेप्टो की एरिक-अर्नी?
ब्रिटिश विनोदवीरांवरची एकच टेलिफिल्म बघायची असेल तर कोणती?

‘द कर्स ऑफ स्टेप्टो’मध्ये (२००८) जेसन आयझॅक्स आणि फिल डेव्हिस यांनी ‘स्टेप्टो अँड सन’ या विनोदी मालिकेतले बाप-लेक साकारणाऱ्या कॉर्बेट-ब्रॅम्बेल यांच्यातली धुसफूस जबरदस्त उभी केलीय. काळाचा हिशेब मात्र कच्चा. तथ्यांवरून तक्रार झाली आणि बीबीसीच्या चौकशीत ती बऱ्याच अंशी खरी ठरली.

‘एरिक अँड अर्नी’ (२०११) ही एरिक मोरकॅम्ब आणि अर्नी वाइज या विनोदी जोडीवरची; ती उमेदवारीची वर्षं आणि १९५४ची ‘रनिंग वाइल्ड’ या त्यांच्या टीव्ही मालिकेची आपटी एवढंच घेते, म्हणून घोटाळा कमी. एरिक झालेल्या डॅनियल रिग्बीचा बाफ्टा (ब्रिटिश पुरस्कार) उगाच नाही: नुसती नक्कल न करता तो एरिकची लय पकडतो. एरिकच्या आईच्या भूमिकेतली व्हिक्टोरिया वूड तर (माझ्या मते) दोघांनाही खाऊन टाकते.

अभिनयाची जुगलबंदी हवी तर स्टेप्टो बघा, चरित्र म्हणून मात्र नको. जोडी कशी घडली हे जाणायचं असेल तर एरिक-अर्नी.