देवमाशातला ‘मासा’ डोक्यातून काढून टाकणारा कोर्स

कालच संपवला हा कोर्स, समुद्री सस्तन प्राण्यांची उत्क्रांती आणि त्यांचं शरीरशास्त्र, रेकॉर्डेड व्हिडिओ, सगळे मिळून 12 भाग. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते. घ्यावा का? हो, नक्की घ्यावा. पण शेवटाकडे जीव हळहळला, ते पण सांगणार आहे.

आपल्या भाषेत नावातच मासा आहे ना, देवमासा, त्यामुळे लहानपणापासून कितीही वेळा वाचलं की तो मासा नाही तरी मनात चित्र माशाचंच राहतं. या कोर्सने ते पहिल्याच भागात पुसलं, आणि ते सुद्धा फक्त शेपटी दाखवून. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो, देवमासा आणि डॉल्फिन वर-खाली. का, तर भरधाव पळणारा कुत्रा बाजूने बघा, प्रत्येक झेपेला त्याची पाठ वर-खाली वाकते, आणि देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांवर चालणारे-पळणारेच होते, तोच कणा ते पाण्यात घेऊन गेले. स्क्रीनवर पळणारा कुत्रा आणि पोहणारा डॉल्फिन शेजारी शेजारी लावलेत, मी तो तुकडा चार वेळा बघितला.

भाग 2 ते 5 म्हणजे जीवाश्म, आणि कोर्सचा खरा जीव इथे आहे. हाडांची थ्रीडी मॉडेल्स दिलीत, मोबाईलवर बोटाने फिरवून बघता येतात. पाकिसेटस हा जीवाश्म प्राणी 1981 मध्ये फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल या संशोधकांनी जगासमोर आणला, पाकिस्तानातला, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांचा. त्याला देवमाशांच्या घराण्यात का घातलं, तर कानामुळे. कानाच्या हाडाच्या कवचाची आतली कड जाडजूड असते, ही खूण देवमाशांची. नुसतं ऐकून हे लक्षात राहिलं नसतं, मॉडेल फिरवून ती कड स्वतः शोधली म्हणून राहिलं.

आणि मग इंडोह्यस नावाच्या दुसऱ्या जीवाश्म प्राण्याची गोष्ट, ती मला सगळ्यात आवडली. ए. रंगा राव नावाच्या आपल्या भूवैज्ञानिकाने जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून दगड गोळा केले होते, ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले, ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या संशोधकाकडे दिले, आणि ते साफ करताना एक कवटी चुकून तुटली आणि आत काय दिसलं तर तीच कानाची जाड कड! तेही मांजराएवढ्या, पिसोरी हरणासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात. 2007 मध्ये हे जाहीर झालं. त्याच्या पायाची हाडं सुद्धा बाहेरून जाड आणि जड, पाणघोड्यासारखी, म्हणजे उथळ पाण्यात तळाला चालायला बरी. आफ्रिकेत आजही एक पिटुकलं हरीण आहे जे धोका वाटला की सरळ पाण्यात बुडी मारतं, त्याचा व्हिडिओ इथेच जोडलाय, तो बघितला की पाण्याकडे जाण्याची सुरुवात कशी झाली असेल ते डोळ्यांसमोर येतं.

शिकवणाऱ्या बाईंचं आणखी एक कौतुक. जीवाश्मवाले बरीच वर्षं दातांवरून म्हणत होते की देवमासे मेसोनिकिड नावाच्या मांसाहारी खुरी प्राण्यांपासून आले, आणि डीएनएवाले म्हणत होते नाही, पाणघोडा जवळचा. 2001 मध्ये पाकिस्तानातच जुन्या देवमाशांच्या घोट्याची हाडं सापडली, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेली, जी फक्त समखुरी प्राण्यांत असते, गाय हरीण डुक्कर पाणघोडा वगैरे. ज्या गिंगरिच यांचं आधीचं मत वेगळं होतं त्यांच्याच टीमला ही हाडं मिळाली आणि त्यांनी मत बदललं. बाई इथे घाई करत नाहीत, दोन्ही बाजूंचे पुरावे नीट मांडतात, कोण का चुकलं तेही समजावतात.

पण इथेच एक मोठी तक्रार. डाउनलोड करायला ज्या नोट्स आहेत त्यात जुन्या देवमाशांची नावं, पाकिसेटस, मग बाण, अँब्युलोसेटस, मग बाण, रोडोसेटस, बॅसिलोसॉरस, आणि शेवटी आजचा देवमासा, अशी सरळ रांग काढलीय. असं नसतं हो! या सगळ्या एकाच झाडाच्या वेगवेगळ्या फांद्या आहेत, एकाचा मुलगा दुसरा असं नाही. बाई व्हिडिओत हे तोंडाने सांगतात पण विद्यार्थ्याच्या लक्षात चित्र राहतं, बोलणं नाही, त्यामुळे ते चित्र बदलायलाच हवं.

शरीरावरचे भाग 6 ते 9 पण दमदार. क्युव्हिअर बीक्ड व्हेल नावाचा देवमासा एका श्वासात 3 तास 42 मिनिटं पाण्याखाली राहिल्याची नोंद आहे. ऑक्सिजन ठेवतो कुठे? फुफ्फुसात नाही, रक्तात आणि स्नायूंत, स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या, ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रोटीनमध्ये, ते इतकं भरलेलं की मांस जवळजवळ काळं दिसतं. आता एवढं प्रोटीन दाटलं तर त्याचे गोळे व्हायला हवेत, पण त्या रेणूंवर सारखाच विद्युतभार जास्त असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात, हे 2013 मध्ये कळलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ब्लू व्हेलच्या हृदयाचं पण तसंच, अंगाला सक्शन कपने सेन्सर चिकटवून मोजलं तर खोल बुडीत मिनिटाला 2 ठोक्यांपर्यंत खाली आणि वर आल्यावर 37 पर्यंत. आवाजाचा भाग मात्र हेडफोन लावूनच बघा, डॉल्फिन खालच्या जबड्यातल्या चरबीतून ऐकतो हे सांगताना जे क्लिक ऐकवलेत ते फोनच्या स्पीकरवर कळतच नाहीत.

आता हळहळ. सील आणि वॉलरस मिळून एकच भाग, 10 वा. समुद्री गायी, सी ऑटर म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, आणि ध्रुवीय अस्वल मिळून पुन्हा एकच, 11 वा. आणि नेमकं याच 11 व्या भागात पाच मिनिटांत उरकलंय की समुद्री सस्तन हे एक घराणं नाहीच, देवमासे समखुरींतून, सील मांसाहारी गटातून, समुद्री गायी हत्तींच्या जवळच्या कुळातून, अशी वेगवेगळी मंडळी वेगवेगळ्या वेळी पाण्यात गेली आणि तरी त्यांच्या पायांचे वल्हे झाले. अहो, हीच तर या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, ती पहिल्या भागात हवी होती! नऊ भाग बघून माणूस धरूनच चालतो की समुद्री सस्तन म्हणजे देवमासा आणि डॉल्फिन. मॅनाटी या समुद्री गायीच्या दाढा हत्तीसारख्याच मागून पुढे सरकत येतात, झिजलेली पुढून गळते, हे एका वाक्यात. सी ऑटरच्या अंगावर चरबीचा थर नसतो, एका चौरस सेंटीमीटरला लाखाहून जास्त केस असतात त्यावरच तो गार पाण्यात तगतो, हे पण एका वाक्यात. आणि स्टेलरची समुद्री गाय, जिचं वर्णन 1741 मध्ये झालं आणि 1768 पर्यंत माणसाने मारून मारून संपवली, फक्त 27 वर्षांत, तिच्यासाठी अर्धं मिनिट. खूप वाईट वाटलं मला.

बाकी किरकोळ, सबटायटल्स आपोआप बनवलेली आहेत त्यामुळे प्राण्यांची नावं भलतीच दिसतात, कागदावर लिहून घ्या. क्विझमध्ये फक्त नावं आणि सालं विचारतात, हाडाचा फोटो देऊन ओळखायला लावलं असतं तर त्या मॉडेल्सचा उपयोग झाला असता. शंका विचारली तर उत्तर दोन दिवसांत आलं, सविस्तर आलं.

दहावीपर्यंतचं विज्ञान पुरतं, घाबरू नका. फक्त क्रम बदला, 11 वा भाग आधी बघा, मग पहिल्यापासून सुरू करा, आणि नोट्समधल्या त्या बाणांवर स्वतःच्या पेनाने काट मारा.