शंभर टक्के फीमाफी आणि आमचे साडेतीन हजार

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात ज्याने शिष्यवृत्तीच्या नावावर पैसे गोळा केले, त्या माणसाने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. हे आधीच सांगते, कारण फसवणुकीचं ऐकलं की लोक लगेच म्हणतात, "इतक्यापण कळूक नाय तुमका?" कळण्यासारखं खोटं त्यात फार थोडं होतं, आणि जे होतं ते खऱ्याच्या मधोमध बसवलेलं होतं.

दिवस जुलैचे. 1 जूनला मासेमारी बंद होते ती जुलै संपेपर्यंत. आमचे हे ट्रॉलरवर खलाशी, त्यामुळे ते दोन महिने घर उसनवारीवर चालतं. आणि नेमके तेच दिवस बारावी झालेल्या मुलांच्या प्रवेशाचे. मुलीचा इंजिनीअरिंगला कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून नंबर लागेल अशी आशा होती, पण फीचा आकडा ऐकून घरात कोणी त्यावर बोलायला तयार नव्हतं. अशात देवळाच्या सभामंडपात शिष्यवृत्ती मार्गदर्शन शिबिर लागलं. मोठा बॅनर, त्यावर संस्थेचा नोंदणी क्रमांक, पुढाऱ्यांचे फोटो. गळ्यात ओळखपत्र घातलेला, गोड बोलणारा तरुण.

तो म्हणाला, ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारने शंभर टक्के माफ केली आहे, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. हे अक्षरशः खरं आहे. आधी निम्मी फी माफ होती, जुलै 2024 मध्ये शासनाने निर्णय काढून 2024-25 पासून ती पूर्ण केली. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला नको, हेही त्याने बरोबर सांगितलं. मग पुढे जोडलं: होस्टेल आणि मेससुद्धा यातच, प्रत्येक गावाला कोटा ठरलेला, आणि अर्ज आमच्या संस्थेमार्फत गेला तरच वर मंजूर होतो. ही तीन वाक्यं खोटी. होस्टेलचा निर्वाह भत्ता ही वेगळी योजना आहे आणि तिच्या अटी वेगळ्या आहेत. गावाला कोटा नसतो. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला सरकार एक रुपयाही घेत नाही, आणि मध्ये कुठली संस्था लागत नाही.

नोंदणीचे साडेतीन हजार, आणि रक्कम जमा झाली की त्यातले वीस टक्के. त्या वीस टक्क्यांसाठी सही केलेला कोरा चेक. चेकबुक नसेल त्यांच्याकडून कोऱ्या बॉन्डपेपरवर सही.

शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "आमच्या चेडवाक गेल्या वर्षी पैसे इले. माणूस बरो आसा, तू काय चिंता करू नको." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मुलीला शिष्यवृत्ती खरंच मिळाली होती. ह्या धंद्याची सगळी गोम इथेच आहे, आणि ती समजायला मला बराच काळ लागला. हा माणूस दरवर्षी काही मुलांचे अर्ज नीट भरतो. ती मुलं मुळातच पात्र असतात, त्यांचे पैसे सरकारकडून येणारच असतात. ते आले की श्रेय ह्याला, वीस टक्के ह्याला, आणि वर फुकटची साक्षीदारीण. तिला कोण सांगणार की बाई, तुझ्या मुलीच्या हक्काच्या पैशातून तू त्याला हप्ता दिलास? उलट ती त्याला नारळ देऊन आली होती. बाकीच्यांचे अर्ज भरण्याची तसदी तो घेत नाही, कारण साडेतीन हजार आधीच खिशात पडलेले असतात.

आमच्या बाबतीत असंच झालं. मुलीच्या फोनवर आलेला ओटीपी त्याने विचारून घेतला, युजर आयडी आणि पासवर्ड स्वतःच ठरवला, आम्हाला दिला नाही. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो आला: प्रोफाइल 100 टक्के. खाली त्याने लिहिलं, "अभिनंदन, मंजूर." गावात पेढे वाटले गेले त्या फोटोवर. आता कळतं की महाडीबीटीवर प्रोफाइल शंभर टक्के होणं म्हणजे नाव, पत्ता, दाखले, शिक्षण एवढंच भरून झालं. योजना निवडून अर्ज सादर करणं ही त्यानंतरची पायरी. अर्ज खरोखर गेला असेल तर त्याला अर्ज क्रमांक पडतो आणि आपल्या लॉगिनमध्ये तो अर्ज केलेल्या योजनांच्या यादीत दिसतो. तिथे दिसत नसेल तर कुठेच नाही.

कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कबाईंनी संगणकात पाहून सांगितलं, "तुमच्या मुलीचा अर्जच आमच्याकडे आलेला नाही. पूर्ण फी भरावी लागेल." त्यांनीच मग सगळा रस्ता समजावला. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथे कागद तपासतात, चूक असेल तर परत पाठवतात, मग तो खात्याकडे जातो आणि पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात पडतात. दरवर्षी नूतनीकरण करायचं ते वेगळं. ह्या साखळीत त्या संस्थेला कुठे जागाच नव्हती. मी फोन लावला तर, "सर्व्हर डाऊन आहे ताई, वरून मंजुरी अडकलीय, आणखी दोन हजार भरले तर फाइल पुढे सरकेल." नंतर नंबर बंद.

आमचं नशीब की अर्जाची मुदत वाढली. आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने पासवर्ड बदलून घेतला आणि अर्ज बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे बसून मुलीने स्वतः भरला. त्याने स्कॅनिंगचे आणि प्रिंटचे पैसे घेतले, पावती दिली, पासवर्ड तिने स्वतः टाइप केला. अशा माणसाला मजुरी द्यायला काहीच हरकत नाही. नाहीतर आपल्याकडे एकदा ठेच लागली की दुसऱ्या दिवशी प्रामाणिक दुकानदारावर डोळे वटारायचे. आणि रेंजसाठी जिथे टेकडीवर चढावं लागतं तिथे "घरबसल्या स्वतः भरा" हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे पावसात येऊन दाखवावं. दाखले मात्र आधीच काढून ठेवा: उत्पन्नाचा तहसीलदारांचा, जातीचा, नॉन क्रिमीलेअर, अधिवास. ऐन प्रवेशाच्या वेळी सेतूत रांगा लागतात, आणि असली माणसं त्या रांगेतच गिऱ्हाईक शोधतात.

चेकचं बँकेत लेखी देऊन पेमेंट थांबवलं. 1930 ह्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. साडेतीन हजार मी रोख दिले होते, त्यामुळे त्यांचा माग लागला नाही. यूपीआयने गेलेले असते आणि तासा-दोन तासांत फोन केला असता तर पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता तरी होती, असं पोलीस म्हणाले.

पैशांचं दुःख मी गिळलं असतं. वाडीतल्या एका मुलाचं जे झालं ते मोठं आहे. तो डिप्लोमाला. त्याला आणि आणखी काही मुलांना त्या माणसाने सांगितलं की शिष्यवृत्तीसाठी वेगळं खातं लागतं. अंगठा लावून झिरो बॅलन्स खाती उघडली, आधार त्यांना जोडून घेतलं, आणि एटीएम कार्ड व खात्यासाठी घेतलेलं सिम "प्रक्रियेसाठी" स्वतःकडे ठेवलं. एका आधारवर सरकारी पैसा एकाच खात्यात येतो, जे सर्वांत शेवटी जोडलं जातं त्यात. म्हणजे शिष्यवृत्ती आली तरी ती त्या माणसाच्या हातातल्या कार्डावर. पण त्याला खाती हवी होती ती दुसऱ्याच कामासाठी. कुठल्यातरी राज्यात कुणाला तरी लुबाडलेला पैसा ह्या पोराच्या खात्यात आला आणि लगेच बाहेर गेला. तिथे गुन्हा नोंदला गेला, खातं गोठलं आणि नोटीस आली ती पोराच्या नावाने. त्याच्या आवशीने पोलिसांचं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं.

त्याने आता जुन्या बँकेत अर्ज देऊन आधार पुन्हा तिकडे जोडून घेतलं आहे. कुठली बँक जोडलेली आहे ते आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये फुकट दिसतं. ज्यांनी कुणी असं खातं उघडलं असेल त्यांनी ते आजच पाहावं. कार्ड दुसऱ्याच्या हातात असेल तर बँकेत जाऊन ते ब्लॉक करावं, खातं बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर पोच घ्यावी. त्या पोराकडे अशी पोच नव्हती. कार्ड स्वखुशीने दिलं नव्हतं, पैसे आपण काढले नव्हते, हे तो आता तारखेतारखेला पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो आहे.