ताऱ्याची प्रत काढायची, पण माप कोणाचं धरायचं?

पानशेत-वेल्ह्याकडे जाऊन कॅमेऱ्यावर आकाशाचे मोठमोठे पट्टे टिपणारे पुण्यात आता बरेच झालेत. फोटो सुरेख येतात, पण रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) आकड्यात द्यायची झाली की आधीच मोजलेल्या ताऱ्यांचा आधार लागतो. पर्याय मुख्यतः चार: लँडोल्टचे प्रमाणित तारे, आणि तीन कॅटलॉग, म्हणजे ताऱ्यांच्या मोजून केलेल्या याद्या: जमिनीवरच्या दुर्बिणींनी केलेले एपास आणि पॅन-स्टार्स, आणि अवकाश दुर्बिणीने केलेला गाया. बहुतेकांनी गायापासून सुरुवात करावी, असं माझं मत. मात्र अपवाद आहेत.

लँडोल्टचे तारे यूबीव्हीआरआय (अतिनील ते अवरक्त अशा पाच फिल्टरच्या) पद्धतीचा कणा, पण ते बहुतांशी खगोलीय विषुववृत्ताच्या आसपास आहेत. म्हणजे आधी ते टिपायचे, मग कॅमेरा आपल्या ताऱ्याकडे वळवायचा आणि मधल्या वेळात हवा बदलली नाही असं मानायचं. पावसाळ्याचे चार महिने सोडा, हिवाळ्यातही धुरकं असतं. ते मानणार कसं? आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेच्या गिरवलीतल्या दोन मीटर दुर्बिणीसारख्या चिंचोळ्या क्षेत्राला हा मार्ग शोभतो. आपल्याला नाही.

त्याचं खरं कारण फ्रेमच्या आतच आहे. एपीएस-सी कॅमेऱ्याला १३५ मिमी लेन्स लावली तर फ्रेम साधारण १० बाय ६.६ अंशांची होते. ती आडवी धरून ३० अंश उंचीवर रोखली, तर वरच्या कडेचा तारा ३३ अंशांवर आणि खालच्या कडेचा २७ वर. वरच्या ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.८४ एअरमास (थेट डोक्यावरच्या हवेच्या थराच्या तितके पट हवा) ओलांडून येतो, खालच्याचा २.२. हवेने दर एअरमासला ०.३ प्रत खाल्ली, तर एकाच फोटोत ०.१ प्रतीचा फरक पडतो. १ टक्का प्रकाश म्हणजे जेमतेम ०.०१ प्रत, हे लक्षात घ्या. अख्ख्या फ्रेमला एकच झिरो पॉइंट (कॅमेऱ्याच्या मोजणीवरून प्रत काढताना मिळवायचा स्थिरांक) लावून भागत नाही. कानाकोपऱ्यात तुलनेचे तारे हवेत. त्यामुळे लढत उरते ती तीन कॅटलॉगांतच.

एपास सोयीचा आहे. बी (निळा), व्ही (हिरवा-पिवळा) आणि स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या फिल्टरमधल्या प्रती थेट मिळतात, आणि साधारण दहावी ते सतरावी प्रत म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचंच राज्य. पण तो लहान दुर्बिणींनी केलेला आहे. आकाशगंगेच्या गर्दीत शेजारचे तारे एकमेकांत मिसळतात, आणि आकाशाच्या एका भागातून दुसऱ्यात जाताना आकडे किंचित सरकतात. एकाच ताऱ्यावर वर्षभर नजर ठेवायची असेल तर बिनधास्त वापरा. आकाशभर पसरलेल्या ताऱ्यांची आपसात तुलना करायची असेल तर नको.

पॅन-स्टार्स १ टक्क्याच्या आसपास अचूक, पण आपल्याला गैरसोयीचा. चौदाव्या प्रतीहून तेजस्वी तारे त्यात साधारणपणे सॅच्युरेट झालेले (सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेलेले) असतात, आणि लेन्सवाल्यांना नेमके तेच हवे असतात. शिवाय तो क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ३० अंशांपर्यंतच जातो. पुण्यातून तिथला तारा मध्यमंडलावर, म्हणजे सर्वांत उंच असताना, साडेएक्केचाळीस अंशांवर असतो, म्हणजे त्याहून दक्षिणेची वृश्चिकाची शेपटी आपल्याला दिसते आणि कॅटलॉगात नसते. आठ इंची दुर्बीण आणि कूल्ड कॅमेरा घेऊन सतराव्या-अठराव्या प्रतीमागे लागणाऱ्यांनी मात्र हाच घ्यावा.

गायाचं बलस्थान म्हणजे मध्ये हवाच नाही. उत्तर-दक्षिण सगळं एकाच मापात. २०२२च्या तिसऱ्या डेटा रिलीजमध्ये सुमारे २२ कोटी स्रोतांचे कमी विभेदनाचे वर्णपट आले आणि त्यांवरून व्ही, आर, आय अशा ओळखीच्या फिल्टरमधल्या प्रती काढून मिळतात, साधारण साडेसतराव्या प्रतीपर्यंत. गायाची नुसती ‘जी’ (G) फिल्टरची प्रत व्ही म्हणून वापरू नका. त्या फिल्टरचा रंगपट्टा फार रुंद आहे, तांबड्या ताऱ्यांना चांगलाच फसवतो. कॅमेऱ्याचा हिरवा चॅनल व्हीच्या जवळ जातो, तरी गायाच्या बीपी-आरपी रंगावरून (निळ्या आणि तांबड्या प्रतींतल्या फरकावरून) दुरुस्ती करायलाच हवी.

दर महिन्याला तेच पट्टे टिपणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. स्लोन आणि पॅन-स्टार्सवाल्यांनी तीच धरली: एकमेकांवर चढणाऱ्या फ्रेममधले सामाईक तारे घ्यायचे आणि प्रत्येक रात्रीचा झिरो पॉइंट असा सोडवायचा की एकाच ताऱ्याच्या वेगवेगळ्या फ्रेममधल्या प्रतींतले फरक कमीत कमी राहतील. यातून येणारं माप फक्त सापेक्ष असतं. सगळ्याला लावायचा तो एक स्थिरांक शेवटी गायाकडूनच घ्यावा लागेल.