एमआय करणारा ऑनलाइन थेरपिस्ट शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

थेरपिस्टच्या प्रोफाइलवर 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' (थोडक्यात एमआय, म्हणजे बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून काढणारी बोलण्याची पद्धत) असं लिहिलेलं असतं, त्यावरून जवळपास काहीच कळत नाही. हे आधीच सांगतो, कारण शोधायला बसलेला प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. गेले काही महिने मी ऑनलाइन थेरपी घेतोय. एमआय करतो म्हणणारे आणि खरंच एमआय करणारे, दोन्ही प्रकार पाहून झाले आहेत. फरक पहिल्या पंधरा मिनिटांत ऐकू येतो, फक्त काय ऐकायचं ते माहीत हवं.

माझं प्रकरण थोडक्यात: रोज संध्याकाळी पिणं. नोकरी नीट, घर नीट, कुठे तमाशा नाही. त्यामुळे 'व्यसन' म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि 'काहीच नाही' असं म्हणायची हिंमतही नव्हती. कळत होतं, वळत नव्हतं.

एमआय ही पद्धत निघाली ती अशाच लोकांसोबत काम करताना. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली दारूची समस्या असलेल्यांशी कसं बोलावं यावर एक लेख लिहिला, तिथून सुरुवात. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासोबतचं पुस्तक १९९१ मध्ये आलं; २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. गाभा सोपा आहे. माणूस द्विधा मनःस्थितीत असताना तुम्ही एका बाजूने जोर लावलात की तो आपसूक दुसऱ्या बाजूची वकिली करायला लागतो. 'सोड' म्हटलं की याचं 'अहो पण' सुरू. आणि जे आपण स्वतःच्या तोंडाने बोलतो ते आपल्याला जास्त पटतं. म्हणून बदलाची बाजू थेरपिस्टने लढवायची नाही, ती समोरच्याच्या तोंडून यायला हवी. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे थेरपिस्ट गाळता येतात.

आता शोधाबद्दल. बहुतेक ॲपवर पद्धतीनुसार गाळणी लावता येते, पण त्या यादीतल्या खुणा थेरपिस्ट स्वतःच करतात. काहींनी तर डोळे मिटून सगळ्याच चौकटी भरलेल्या: सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी), एमआय, माइंडफुलनेस, ट्रॉमा, करिअर, नातेसंबंध. शिवाय 'मोटिव्हेशनल' शब्द टाकला की भाषणं देणारे कोच वर येतात, ज्यांचा या पद्धतीशी काडीचा संबंध नाही. मला उपयोगी पडली ती उलटी वाट. आधी व्यसन आणि सवयी या विषयात काम करणारे लोक वेगळे काढले, त्यांची मूळ पात्रता आणि परवाना पाहिला, आणि मग प्रत्येकाला मेसेजमध्ये दोनच प्रश्न विचारले. एमआयचं प्रशिक्षण कसं आणि कुठे झालं? आणि त्यानंतर तुमचं एखादं सेशन रेकॉर्ड करून, ऐकून, कुणी त्यावर तुम्हाला अभिप्राय दिला आहे का?

दुसरा प्रश्न आगाऊ वाटेल, पण तोच महत्त्वाचा. खुद्द मिलर यांनी एका सहकाऱ्यासोबत केलेला २००१ सालचा एक छोटा अभ्यास आहे. त्यात वर्कशॉप करून आलेल्या काउन्सेलरांना आपण खूप शिकलो असं वाटत होतं. त्यांची सेशन्स ऐकल्यावर मात्र दिसलं की बोलण्यात जुजबीच फरक पडलाय. २००४ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, वर्कशॉपनंतर ज्यांना कामावर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळत राहिलं त्यांचं कौशल्य जास्त टिकलेलं आढळलं. थोडक्यात, दोन दिवसांचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला ठीक.

उत्तरं मजेशीर आली. एकाने 'माझ्याकडे भरपूर अनुभव आहे' एवढंच लिहिलं, स्वरावरून राग आलेला कळत होता. काहींनी उत्तरच दिलं नाही. एका बाईंनी मात्र नीट लिहिलं: प्रशिक्षण कधी झालं, सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, किती काळ होतं, आणि आजही क्लायंटच्या लेखी संमतीने अधूनमधून एखादं सेशन रेकॉर्ड करून सुपरव्हायझरला ऐकवते. त्याच पुढे माझ्या थेरपिस्ट झाल्या. पण तेव्हा त्यांच्याकडे वेळ रिकामी नव्हती, म्हणून आधी इतरांकडे गेलो.

जाता जाता 'मिंट'बद्दल, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. मिंट हे एमआयच्या प्रशिक्षकांचं आंतरराष्ट्रीय जाळं आहे, १९९७ पासूनचं. तिथली यादी प्रशिक्षकांची असते. थेरपिस्टचं नाव तिथे असलं तर चांगलंच, नसलं म्हणून तो कच्चा ठरत नाही. आणि ते नाव असणं म्हणजे उपचार करायचा परवाना नव्हे. तो ज्या त्या ठिकाणच्या अधिकृत संस्थेकडूनच मिळालेला हवा. ऑनलाइनमध्ये थेरपिस्ट दुसऱ्याच देशात बसलेला असू शकतो. तेव्हा तुम्ही जिथे आहात तिथल्या माणसाला सेवा द्यायची त्याला मुभा आहे का, हेही विचारून घ्या.

पहिला थेरपिस्ट भला माणूस होता. त्याने दहाव्या मिनिटाला मला यकृत समजावून सांगायला सुरुवात केली. स्क्रीन शेअर करून चित्र दाखवलं. मला ते सगळं माहीत होतं, पिणाऱ्या माणसाला यकृताबद्दल बहुधा न पिणाऱ्यापेक्षा जास्त माहिती असते. पालथ्या घड्यावर पाणी. समोरच्याचं चुकतंय असं दिसलं की लगेच दुरुस्त करायला धावायचं, या ओढीला एमआयवाले पहिला शत्रू मानतात, आणि प्रोफाइलवर एमआय लिहिणाऱ्यालाच ती आवरत नव्हती. सेशन संपेपर्यंत मी दारूच्या बाजूने इतके मुद्दे मांडले होते की मलाच ते पटायला लागले.

दुसरीने तंत्र वापरलं, पण उलटं. तिने विचारलं, "शून्य ते दहामध्ये, पिणं कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" मी म्हटलं, सहा. "सहाच का? नऊ का नाही?" झालं. नऊ का नाही याची कारणं मी धडाधड सांगितली: ताण आहे, मित्र आहेत, तसं प्रमाणात आहे. म्हणजे न बदलण्याची अख्खी यादी तिने माझ्याच तोंडून काढून घेतली.

पुढे त्या नीट उत्तर लिहिणाऱ्या बाईंकडे वेळ मिळाली. या मॅडमनी तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा सहा म्हटलं. त्या म्हणाल्या, "सहा. म्हणजे अगदीच थोडं नाही. दोन का नाही म्हणालात?"

मी जरा गोंधळलो, कारण तयार उत्तर नऊसाठी होतं. मग म्हणालो की झोप तुटते. मग म्हणालो की रात्री मुलाशी काय बोलणं झालं ते सकाळी नीट आठवत नाही, आणि त्याच्या ते लक्षात यायला लागलंय. हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यावर 'बघा ना' केलं नाही, सहानुभूतीचं भाषणही दिलं नाही. म्हणाल्या, "त्याच्या लक्षात येतंय, हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागतंय." आणि गप्प बसल्या.

हे वाक्य प्रश्न नव्हतं. आवाज शेवटी खाली उतरलेला, साधं विधान. मी जे बोललो त्याच्या एक पाऊल पुढचं. एमआयमध्ये हेच मुख्य हत्यार असतं, आणि पहिल्या सेशनला कान याच्यावरच ठेवा. प्रश्नामागून प्रश्न येत असतील तर ती चौकशी झाली. थेरपिस्टचं काम तपासायला एमआयटीआय नावाची मोजपट्टी वापरतात, तिच्यात प्रश्नांच्या दुप्पट अशी विधानं असली तर काम चांगलं धरतात. मी काही मोजत बसलो नाही, पण फरक मोजल्याशिवायही कळतो.

आणखी एक जागा सांगतो. मी तक्रारीच्या सुरात म्हणालो होतो, "दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं, संध्याकाळचा तो एक तास तेवढा माझा असतो." त्या म्हणाल्या, "तो तास कुणी काढून घेतलेला तुम्हाला चालणार नाही." मी म्हटलं, "तास नाही जाऊ द्यायचा. दारू गेली तरी एक वेळ..." आणि थांबलो. "दारू गेली तरी चालेल, तास राहायला हवा," त्या म्हणाल्या. पुढची कितीतरी सेशन्स आम्ही त्या तासाचं काय करायचं यावरच बोललो. दारू सोडण्याचा विषय त्यांनी स्वतःहून काढलाच नाही.

याचा अर्थ त्या सल्लाच देत नाहीत असा नाही. एमआय म्हणजे नुसती मान डोलावणं, हा गैरसमज माझाही होता. पहिल्याच भेटीत त्यांनी सरळ विचारलं होतं: सकाळी हात थरथरतात का? न पिता एखादा दिवस गेला तर घाम, धडधड, कधी फिट? रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. तसं काही असतं तर आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी कोणत्या ठिकाणाहून बोलतोय आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा, हेही लिहून घेतलं. ऑनलाइन थेरपिस्ट हे विचारत नसेल तर मला ती धोक्याची खूण वाटते. नंतर झोपेबद्दलची माहिती द्यायची होती तेव्हा त्यांनी आधी मला काय माहीत आहे ते विचारलं, मग 'सांगू का?' म्हणून परवानगी घेतली, सांगितलं, आणि 'यातलं तुम्हाला काय लागू पडतंय?' असं विचारून विषय माझ्याकडे परत दिला. यकृताच्या चित्रापेक्षा हे कितीतरी जास्त गळी उतरलं.

ऑनलाइन असल्याचा तोटा एकच, पण मोठा: शांततेचा. या पद्धतीत थेरपिस्ट गप्प बसतो तेव्हाच काम होत असतं. नेट अडखळलं की ती शांतता आहे की कॉल तुटलाय तेच कळत नाही, आणि 'ऐकू येतंय का?' म्हणताना हातातला धागा निसटतो. आम्ही शेवटी वाईट दिवशी व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोलायला लागलो, ते बरं पडलं. चॅटवर मात्र एमआय करू नये असं माझं ठाम मत झालंय. आवाजाचा उतार गेला की तेच विधान आपलंच वाक्य परत टाइप केल्यासारखं दिसतं आणि डोकं फिरतं.

डोकं कॉलवरही फिरलं होतं, एकदा. थकून आलो होतो, त्यांनी माझंच बोलणं परत माझ्यापुढे ठेवलं आणि मी वैतागून म्हणालो, "मॅडम, मी बोललो तेच परत सांगू नका हो, काय करू ते सांगा." त्यांनी बचाव केला नाही. "आज तुम्हाला ठोस काहीतरी हवंय. लोक वापरतात असे दोनतीन मार्ग आहेत, ऐकायचेत?" वाद घालायला जागाच राहिली नाही.

किती महिने घ्यावं लागतं? बरीच ॲप लांब चालत राहणारी सबस्क्रिप्शन विकतात, म्हणून हे माहीत असू द्या: एमआय हे मुळात थोडक्यात आटपणारं काम आहे. प्रोजेक्ट मॅच नावाची अमेरिकेतली दारूच्या उपचारांची मोठी चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, १,७२६ लोकांवरची. तिच्यात एमआयवर आधारलेला उपचार चार सेशन्सचा होता आणि बाकीचे दोन उपचार प्रत्येकी बारा सेशन्सचे. निकाल साधारण सारखेच निघाले. तेव्हा वर्षभर 'एमआय' करू म्हणणाऱ्याला नेमकं काय करणार ते विचारा. माझ्या बाबतीत मन ठरल्यावर एमआय मागे पडलं आणि सीबीटीच्या अंगाने काम सुरू झालं: कोणत्या प्रसंगी हात ग्लासकडे जातो, तिथे आधीच काय करून ठेवायचं. हा बदल मॅडमनी न लपवता सांगून केला. ज्याचं मन आधीच पक्कं आहे त्याने एमआय शोधत वेळ घालवू नये, थेट पुढच्या कामाला लागावं. नैराश्य खोल असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हे दुकान पहिलं नाही. तिथे लगेच मिळणारी मदत घ्यावी.

सध्याची स्थिती: पूर्ण बंद नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस कोरडे जातात, काही जात नाहीत, आणि न गेलेल्या दिवसांबद्दल खोटं बोलावंसं वाटत नाही. सेशन्स लांबवायचं मॅडमनीच सुचवलं, आता महिन्याकाठी एकदा बोलतो. तक्रार उरते ती ॲपबद्दल. तिथे महिन्यातून एकदाचा प्लॅनच नाही, आठवड्याचा प्लॅन आपोआप पुढे चालू राहतो आणि बंद करायचं बटण सेटिंगच्या तळाशी दडवलेलं आहे. सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी ते कुठे आहे ते शोधून ठेवा.