आजोबांची दुनळी डीलरकडे ठेवली, परत आली ती भलतीच

घरात आजोबा-पणजोबांची बंदूक असेल आणि परवान्याच्या भानगडीत ती कुठे जमा करायची वेळ आली असेल तर आधी हे वाचा, आमचं जे झालं ते तुमचं होऊ नये म्हणून लिहितोय.

आमचं गाव कुडाळकडचं. घरात बारा बोरची दुनळी होती, बाहेर दोन घोडे असलेली, पणजोबांच्या वेळची. पणजोबांनी वाघ मारला म्हणून साहेबाने बक्षीस दिली असं आजोबा सांगायचे, आत्या म्हणते कसला वाघ, मुंबईत सेकंडहॅंड घेतली होती. असो. नळ्यांवर दमास्कसची नक्षी, म्हणजे पोलादावर लाकडासारख्या तपकिरी लाटा, आणि नळ्या उघडल्या की खाली बारीक अक्षरात 'नॉट फॉर बॉल'. हा शिक्का इंग्लंडात 1875 ते 1887 याच काळात मारायचे, तोंडाशी अरुंद होणाऱ्या नळीतून अख्खी गोळी मारू नका म्हणून. आजोबांना शाळामास्तरांनी अर्थ सांगितलेला, तेव्हापासून डुकरावर कायम एलजीचे, म्हणजे मोठे छर्रेच, आणि आम्हा पोरांना सांगायचे की ही बंदूक क्रिकेटची नाही. एकदा हाकाऱ्यात डुक्कर अंगावर आलं तेव्हा ती जांभ्यावर आपटून दस्ता मनगटाशी, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक भागाशी चिरला, मग सोनाराने पितळी पट्टी मारून दिली, पाच खिळे, त्यातला एक वाकडा. 72 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, मग शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात, आणि इलेक्शन आलं की पोलीस ठाण्यात जमा.

2011 ला आजोबा गेले आणि दादाच्या नावावर परवाना होईपर्यंत बंदूक लायसन्सवाल्या डीलरकडे ठेवली. नाव लिहीत नाही. पावतीवर काय तर 'डीबीबीएल 12 बोर', म्हणजे नुसतं बारा बोरची दुनळी, नंबर, संपलं. सहा वर्षं भाडं भरलं. 2017 ला परवाना झाला, दादा आणायला गेला तर डीलर म्हणाला दस्ता वाळवीने खाल्लेला, नवीन बसवला, नळ्यांना गंज होता म्हणून घासून काळ्या केल्या, सर्व्हिसिंगचे साडेआठ हजार. दादाने पैसे दिले वर थॅंक्यू पण म्हणाला!! जुना दस्ता मागितला तर म्हणे फेकला. आणि 'माझी बंदूक सुस्थितीत मिळाली' यावर सही.

चतुर्थीला आत्या आली. लहानपणी तेल लावायचं काम तिचंच असायचं. तिने बंदूक मांडीवर घेतली, मनगटाशी अंगठा फिरवला, मग नळ्या उघडून खिडकीकडे धरल्या आणि म्हणाली, ही आमची न्हय रे. आम्ही हसलो, म्हटलं अगं दस्ता बदललाय. ती म्हणाली दस्तो बदललो, पण अक्षरां खंय गेली?

मग दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या जाणकार डीलरला दाखवली. त्याने भिंगाखाली धरली आणि दोन मिनिटांत सांगितलं की माल इथलाच आहे, अलीकडचा. जुन्या बंदुकीत नळ्यांच्या खाली, ऍक्शनवर म्हणजे घोडे बसतात त्या मधल्या लोखंडी भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर एकच नंबर असतो. आमच्या हातातल्या बंदुकीवर ऍक्शनचे आकडे वरखाली, नव्या पंचने ठोकलेले, आणि नळीखाली कानस मारलेली, त्यातून कुठला तरी वेगळाच 7 अर्धवट दिसत होता. ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळे जुन्या इंग्लिश मालाला हौशी लोक चांगले पैसे देतात, आपल्याकडे मात्र ती कपाटावरची अडगळ, हे डीलरला पक्कं माहीत असतं.

खरा घाम वकिलाकडे फुटला. आर्म्स ऍक्टच्या कलम 8 प्रमाणे नंबर खोडलेली किंवा बदललेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो बदलला असं धरतात, नाही बदलला हे त्याने सिद्ध करायचं. म्हणजे लुटले आम्ही आणि आरोपी पण आम्हीच होणार. तरी वकील म्हणाले लपवू नका, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि बंदूक ठाण्यात जमा करा. तसं केलं. डीलरने सहीचा कागद पुढे केला, झालं.

आमच्याकडे पुरावा काय, तर 1994 चा दसऱ्याचा एक फोटो, शस्त्रपूजेचा, त्यात पितळी पट्टी दिसते पण नंबर झेंडूच्या फुलांखाली. तेव्हा बंदूक द्यायच्या आधी तिन्ही ठिकाणच्या नंबरांचे, शिक्क्यांचे, दस्त्यावरच्या चिरांचे फोटो काढा, पावतीवर ते सगळं लिहून घ्या, दुरुस्ती लेखी विचारल्याशिवाय नको आणि काढलेला पार्ट परत हवा म्हणून सांगा. आणि म्हातारं माणूस हयात असेल तर सत्तरीनंतर, किंवा बंदूक 25 वर्षं त्यांच्याकडे असेल तर आधीच, वारसाच्या नावावर करायचा अर्ज देता येतो, म्हणजे ती मधली वर्षं डीलरकडे ठेवायची वेळच येत नाही. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.

ती खोटी बंदूक अजून ठाण्याच्या मुद्देमालात आहे. आत्या दर चतुर्थीला विचारते, गावली काय रे.