बायोप्सीतून की आयपीएस पेशींतून? आतड्याची ऊती वाढवण्याच्या दोन मार्गांचा तुलनात्मक आढावा

माणसाच्या आतड्याची ऊती प्रयोगशाळेत वाढवण्याचे आज दोन रुळलेले मार्ग आहेत: एक बायोप्सीच्या तुकड्यातून, दुसरा आयपीएस पेशींतून, म्हणजे रक्त किंवा त्वचेच्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारख्या अवस्थेत आणून. सोलापुरातील वैद्यकीय महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात हे काम सुरू करू पाहणाऱ्याने त्यांपैकी एक आधीच ठरवावा, कारण दोन्हींची माध्यमे (पेशी वाढवण्याचे पोषक द्रव), परवानग्या आणि लागणारे कौशल्य वेगवेगळे आहे आणि मध्येच मार्ग बदलणे महागात पडते.

पहिला मार्ग रुग्णाच्या आतड्यापासूनच निघतो. एंडोस्कोपीत घेतलेल्या छोट्याशा तुकड्यातून मूलपेशी असलेल्या क्रिप्ट, म्हणजे अस्तरातील सूक्ष्म खळगे, सोडवायच्या आणि मॅट्रिजेल या पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनयुक्त जेलमध्ये वाढवायच्या. २००९ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटात तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील, एलजीआर५ या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या एका मूलपेशीपासून अशी रचना उभी केली आणि २०११ मध्ये मानवी आतड्यासाठीही पद्धत बसवली. त्याच वर्षी जेसन स्पेन्स आणि जेम्स वेल्स यांनी सिनसिनाटीत दुसरा मार्ग दाखवला. त्यात बहुशक्तिक, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या, पेशींना ॲक्टिव्हिन ए हे प्रथिन देऊन तीन दिवसांत अंतःस्तराकडे (भ्रूणातील ज्या थरापासून आतडे बनते त्याकडे) वळवतात, पुढचे चार दिवस एफजीएफ४ आणि डब्ल्यूएनटी३ए ही प्रथिने देऊन पश्चांत्राचे (भ्रूणातील आतड्याच्या मागच्या भागाचे) गोळे मिळवतात आणि मग ते मॅट्रिजेलमध्ये महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ वाढवतात. या पेशी भ्रूणापासून घेता येतात, तसेच रक्त किंवा त्वचेच्या पेशींपासून तयार केलेल्या आयपीएस पेशीही चालतात.

निवडीचा खरा निकष आपला संशोधनाचा प्रश्न हाच आहे. बायोप्सीतून मिळते ते फक्त आतड्याचे अस्तर. पण ते प्रौढ माणसाचे असते आणि लहान आतड्याचे की मोठ्या, ही ओळख अनेक पिढ्या टिकवून ठेवते. नोरोव्हायरससारखा उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू, जो वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत वाढत नव्हता, तो २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात अशाच मानवी ऊतीत वाढवता आला, आणि त्याच्या काही प्रकारांना त्यासाठी पित्तही घालावे लागले. अतिसार, औषधाचे शोषण किंवा विशिष्ट रुग्णाचा औषधाला प्रतिसाद हा विषय असेल, तर माझ्या मते हाच मार्ग घ्यावा. आयपीएस मार्गात अस्तराभोवती आधार देणारी ऊतीही तयार होते, पण ऊती बरीचशी गर्भावस्थेतील आतड्यासारखीच राहते. म्हणून आतड्याची घडण, जन्मजात दोष किंवा अस्तर आणि भोवतालच्या पेशींमधील देवाणघेवाण अभ्यासायची असेल, तरच तिचा खटाटोप सार्थ ठरतो. दोन्हींत रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकारक पेशी आपोआप येत नाहीत.

रोजच्या कामातही फरक पडतो. मॅट्रिजेल बर्फावर ठेवले तरच पातळ राहते आणि थोड्याशा उबेने घट्ट होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पिपेटची टोकेही आधी गार करून ठेवावी लागतात, नाहीतर थेंब प्लेटवर पडण्याआधीच टोकात घट्ट होतो. ही अडचण दोन्हींकडे सारखीच आहे, पण बायोप्सीच्या मार्गात काही दिवसांतच वाढ दिसू लागते, त्यामुळे चूक लवकर कळते, तर आयपीएस मार्गात सुरुवातीच्या आठवड्यातील गफलत महिन्याने उघडकीस येऊ शकते. खर्चात सर्वांत जड असतात वाढघटक, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिने. बायोप्सीच्या ऊतीसाठी डब्ल्यूएनटी३ए, आर-स्पॉन्डिन आणि नॉगिन हे तिन्ही, ते स्रवणाऱ्या एल-डब्ल्यूआरएन पेशी ज्या माध्यमात वाढवल्या त्या द्रवातून, आपल्याच प्रयोगशाळेत मिळवता येतात, आणि लहान विभागाला हा मोठा दिलासा आहे.

परवानग्यांच्या बाबतीत घाई करू नये. बायोप्सीसाठी नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती हवी. नव्या आयपीएस पेशी तयार करायच्या असतील, तर २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीकडेही जावे लागते. सोलापुरात मराठीबरोबरच कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण येतात, तेव्हा संमतीपत्रक या चारही भाषांत असावे आणि पेशी साठवून पुढच्या अभ्यासांतही वापरल्या जातील हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. ही पत्रके समितीकडे पहिल्याच अर्जासोबत द्यावीत.