पडवीला आणि वळचणीला सिमेंट बोर्ड: समुद्रकाठच्या घराचा अनुभव

आमचं घर गुहागरला, समुद्राच्या अंगाला. पडवीचं छत आणि वळचणीची खालची बाजू फायबर सिमेंट बोर्डाने (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेले तक्ते) करून घेतली, त्यावरून आता बरेच पावसाळे गेले. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा आत घुसतो, आणि उघडीप मिळाली तरी खारा वारा असतोच. एवढं सोसून बोर्ड फुगला नाही, लवला नाही, वाळवीही लागली नाही. मी हाच घ्या म्हणेन.

मात्र दुकानात जाडी आणि भाव यांपुढे बोलणं जात नाही, आणि टिकाऊपणा ठरतो तो कडांवर आणि स्क्रूंवर. कापलेली कड पाणी ओढते. त्यामुळे बोर्ड वर चढवण्याआधीच सगळ्या कडांना आणि मागच्या बाजूला प्रायमर मारून घ्यायचा. नंतर तिथे हात पोचत नाही. आमच्या सुताराने हे काम मन लावून केलं, म्हणून आज छत असं आहे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, तेही 316 ग्रेडचे. 304 स्वस्त पडतात, पण खाऱ्या हवेत त्यांच्यावर तांबूस डाग धरतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते मिठापुढे जास्त तग धरतात. साधे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) स्क्रू लावलेली छतं गावात आहेत. बोर्ड धडधाकट, आणि जागोजाग गंजाचे ओघळ. बघवत नाही.

बोर्ड घेताना आयएस 14862 या भारतीय मानकातला टाइप ए मागा, तो बाहेरच्या कामासाठीचा. आठ बाय चार फुटांचा 8 मिमी बोर्ड तीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा सागवानी रीपांचा सांगाडा भक्कम हवा आणि चढवायला माणसं जास्त. कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक, कारागिराला चांगला मास्क द्याच. सांध्यात थोडी फट सोडून लवचीक सीलंट भरा. पुट्टीला तडे जातात.

पीओपी, जिप्सम उघड्या पडवीला अजिबात नको, पाणी पिऊन खाली झुकतात. पीव्हीसी पॅनेलला पाण्याचं भय नाही, पण पत्र्याखाली तापून लवतं.

बुरशी रंगावर येतेच, तेवढी दरवर्षी पुसावी लागते. वळचणीत जाळीची पट्टी ठेवल्याने कौलांखालची दमट हवा निघून जाते, आणि मागून तरी बोर्ड कोरडा राहतो. पंख्याचा हूक वाशाला घ्या, बोर्डाला नाही.